दुसऱ्या जहाजाची वाट

“एक गोदीत गेलं, तर काय करणार?”

कुणाशीही बोलताना ते शेवटी या प्रश्नावर येत. गोदीत दुरुस्तीला जायचं ते विमानवाहू जहाज, आपल्या आरमाराचं पहिलं आणि तेव्हाचं एकुलतं एक. समुद्रापासून इतक्या लांब, बेंगळुरात बसून, या माणसाला जहाजाची एवढी काळजी कशाला, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटायचं.

विमानांच्या संशोधनाची एक सरकारी कचेरी होती. तिथल्या ग्रंथालयात मी नोकरीला होते. ते तिथे इंजिनिअर, मूळचे रत्नागिरीकडचे. आरमार वाढेल तशी अशी जहाजं वाढतील, आणि त्यांच्यावर उतरणारी विमानं आपणच बनवायला हवीत, म्हणून कचेरीत एक छोटा विभाग काढला होता. तो त्यांच्याकडे होता. हाताखाली चार-पाच तरुण इंजिनिअर. त्यांत माझा धाकटा भाऊ वसंता.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चिकपेटेतलं, कापडाच्या व्यापारातलं. आमच्या मराठीत निम्मं कन्नड. त्यांना त्याची भारी मौज वाटे. “अक्का, स्वल्प नवी मासिकं दाखवता?” असं मुद्दाम म्हणत ते यायचे. मासिकात परदेशी जहाजाचं चित्र दिसलं की तिथेच उभ्या उभ्या सुरू. “दोन तर हवीतच. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. आणि त्यातलं एक गोदीत गेलं, तर काय करणार? म्हणजे तीन!” ऐकायला कुणी नसलं तर ते झाडूवाल्या मुनियम्माला सांगत. तिला मराठी येत नव्हतं. ती “सरी, सरी”, म्हणजे बरं, बरं, म्हणून मान डोलवायची, आणि हे खूश व्हायचे.

त्यांच्या बायकोने एकदा मला घर दाखवलं. छत्र्या दोन, कंदील दोन, किसण्यासुद्धा दोन. “एक मोडली तर काय करणार, म्हणतात,” ती हसत म्हणाली. “बायको तेवढी एकच केली, हे माझं नशीब.”

पहिलं जहाज मुंबईला आलं तेव्हा त्यांनी सगळ्या कचेरीला म्हैसूरपाक वाटला. मुलगा झाल्यासारखा.

आमच्या सगळ्या कामावरचे साहेब म्हणजे दामले. हे आणि दामले पुण्याला कॉलेजात एका बाकावर बसलेले. कचेरीत सगळे दामल्यांना ‘साहेब’ म्हणत, हे एकटे ‘दामल्या’ म्हणत, आणि दामल्यांना ते आवडे. रविवारी दामले यांच्याकडे जेवायला असत. विभाग काढला तोही दामल्यांनीच दिल्लीत खटपट करून. “तू विमान काढ, जहाजं आणायचं मी बघतो,” असं ते यांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे.

मग हिमालयातली लढाई झाली. सगळ्यांच्या तोंडी डोंगर, बर्फ आणि जवानांचे बूट. समुद्राचं नाव कुणी काढेना. पोरं कुजबुजायला लागली, की आता आपला विभाग राहतो की जातो. दामले दिल्लीला जाऊन आले आणि म्हणाले, “उलट आता तर लवकर लागतील. कामाला लागा.” सगळे कामाला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात यांना इंग्लंडहून बोलावणं आलं. तिथे अशी विमानं खरोखर बनत होती. त्याच सुमारास वसंतालाही मुंबईला चांगली नोकरी मिळत होती. दोघंही जायच्या बेतात होते. तेवढ्यात आमची होसकोट्याच्या तळ्यावर सहल निघाली.

ती सहल मला अजून दिसते. तळ्यात म्हशी डुंबत होत्या आणि त्यांच्या पाठीवर बगळे येऊन बसत होते. हे चित्रान्नाच्या भाताची पत्रावळ हातात घेऊन उठले. “अरे बघा, बघा! म्हैस चालत्येय, पाठ हलत्येय, आणि बगळा नेमका उतरतोय. हेच तर आपल्याला करायचंय!” मग म्हशींची वाटणी झाली. ही पूर्वेची, ही पश्चिमेची. एक काठावर चिखलात लोळत होती, ती गोदीतली. पोरं पोट धरून हसली. त्या हसण्यातच हे म्हणाले, “मी इंग्लंडला नाही जात. दामल्याशी बोललो. आपलं आरमार मोठं व्हायच्या वेळी मी तिकडे काय करू?”

दामल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. “अरे, तू गेलास तर ही पोरं कुणाकडे बघणार?”

वसंताने त्याच आठवड्यात मुंबईला नकार कळवला.

पावसाळा सरला आणि दिल्लीहून आरमाराचे एक अधिकारी कचेरी बघायला आले. मालवणचे निघाले. ग्रंथालयात चहा घेता घेता यांची आणि त्यांची सुरमईवरून गट्टी जमली. सुरमईवरून गाडी जहाजांवर आली. हे रंगात येऊन सांगू लागले: दुसरं जहाज कधी येईल, तिसरं कुठे ठेवता येईल, त्यांच्यावर विमान कसलं लागेल. अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला.

“तुम्हाला कुणी सांगितलं नाही?” ते हळूच म्हणाले. “तो विचार गेल्या हिवाळ्यातच बाजूला ठेवला. एवढ्यात दुसरं जहाज नाही. विमान इथे बनवायचं तर नाहीच. तुमचे दामलेसाहेब होते की त्या बैठकीला.”

मी टेबलाच्या पलीकडेच होते. समोरचं मासिक यांनी मिटलं, त्याच्या कडा सारख्या केल्या.

पाहुण्यांना जेवायला न्यायला दामले आत आले.

“दामल्या, तुला माहीत होतं?”

दामल्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं आणि काय झालं ते त्यांना उमगलं. “नंतर बोलू.”

“इंग्लंडचं विचारायला आलो, तेव्हा माहीत होतं?”

“अरे, सांगितलं असतं तर तू गेला असतास! तू गेलास की विभाग बंद. एकदा बंद झालेला विभाग पुन्हा उघडत नाही. वारं फिरेपर्यंत तग धरायचा होता. मी हे सगळ्यांसाठीच केलं.”

“मला विचारून केलं असतंस तर कदाचित राहिलोही असतो,” हे म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते सायकलवर एकेका पोराच्या घरी जाऊ लागले. आमच्याकडेही आले. माझ्या वडिलांनी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

“वसंता, मी तुला सांगितलं ते खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं, पण तू माझ्या शब्दावर थांबलास. मुंबईला परत विचारून बघ. मीही बरोबर येतो, गळ घालतो.”

“ती जागा भरली,” वसंता म्हणाला. “दामल्यांनी तुम्हाला फसवलं, मान्य. पण आम्हाला म्हशी तुम्ही दाखवल्यात.”

माझ्या आईने तेवढ्यात कॉफी आणली होती. ती तशीच दारात थांबली.

“खरं आहे,” ते म्हणाले. कॉफी त्यांनी उभ्यानेच घेतली, आईला ‘छान झाली’ म्हणाले, आणि निघाले. आमच्या बोळात तेव्हा सायकलवरून नीट जाता यायचं. ते सायकल हातात धरून चालत गेले.

कचेरीत भांडण झालं नाही. झालं ते एवढंच, की दामल्यांना ते ‘दामलेसाहेब’ म्हणायला लागले. “आपण म्हणाल तसं.” “आपली सही हवी होती.” सगळ्यांसमोर, अगदी अदबीने. रविवारचं जेवण बंद झालं. एकदा ग्रंथालयाच्या दारात दामल्यांनी त्यांचं मनगट धरलं. “शिव्या दे मला. पण ‘आपण’ म्हणू नकोस रे.” यांनी मनगट सोडवून घेतलं आणि म्हणाले, “आपल्याला उशीर होतोय, साहेब.” त्या दिवशी दामले बराच वेळ एका कपाटासमोर, माझ्याकडे पाठ करून उभे होते. ते कपाट तमिळ नियतकालिकांचं होतं, आणि दामल्यांना तमिळ येत नव्हतं.

त्या वर्षात विभाग मोडलाच. पोरं इकडे तिकडे लागली. वसंता पुढे रेल्वेत गेला, आणि त्याने विमानाचं नाव पुन्हा घरात काढलं नाही. यांनी मिरजेकडच्या एका तंत्रशाळेत शिकवायची नोकरी धरली.

निघाले तेव्हा एप्रिल होता. सिटी स्टेशनवर आम्ही बरेच जण गेलो होतो. वसंता आला नाही. येईल असं त्यांना वाटत होतं बहुतेक, कारण बोलता बोलता ते जिन्याकडे पाहत होते. दामले आले, घामाघूम. हातात यांच्या बायकोसाठी मल्लिगेचा गजरा; तो त्यांनी डब्यात बसलेल्या वहिनींना दिला. हे प्रत्येकाचा निरोप घेत चालले होते. माझ्यापाशी येऊन म्हणाले, “बरंय अक्का. मासिकं नीट लावून ठेवत जा.” मग दामल्यांसमोर थांबले. दामल्यांनी दोन्ही हात पुढे केले. मिठी मारायचीच होती त्यांना.

यांच्या हातात प्रवासाला भरून घेतलेला फिरकीचा तांब्या होता. तो त्यांनी त्या पुढे आलेल्या हातांत ठेवला. “जरा धरता?” म्हणाले, आणि दांडीला धरून डब्यात चढले.

शिट्टी झाली. गाडी हलली.

“अहो, पाणी! पाणी राहिलं!” आतून वहिनी ओरडल्या.

दामले तांब्या उंच धरून खिडकीबरोबर धावायला लागले. साहेब माणूस, बूट घालून, लोकांना चुकवत. “घे! अरे, घे ना!” हे खिडकीशीच बसले होते. त्यांना दिसत होतं, ऐकू येत होतं. ते दामल्यांकडे पाहतही होते. हात मात्र बाहेर आला नाही. मग फलाट संपला.

दामले परत आले तेव्हा फिरकी सैल होऊन त्यांचा सदरा पाण्याने भिजला होता. तांब्या त्यांनी माझ्यापुढे केला. “अक्का, हा तुम्ही घेऊन जाता का घरी?”

“नको, साहेब,” मी म्हणाले. “तुमच्याकडे दिलाय.”