बरणीतली कीड आणि सोमाजी दुमाने

नाव: श्री. सोमाजी लच्छू दुमाने. पदनाम: सागरी कीड नियंत्रण सहायक (हंगामी). कार्यक्षेत्र: लांबी सहा फूट, रुंदी अडीच फूट, खोली अडीच फूट. सदर कर्मचाऱ्याने कार्यक्षेत्रातील उपद्रवी समुद्रफुलांचा नैसर्गिक भक्षकांमार्फत समूळ नायनाट करावयाचा असून, नायनाट पूर्ण झाल्याच्या दिनांकापासून सदर पद आपोआप संपुष्टात आल्याचे समजण्यात यावे.

अकरा वर्षं सोमाजी या ना त्या सरकारी आवारात रोजंदारीवर होता. रोपं लावली, खड्डे खणले, पाहुण्यांना चहा नेला. छापील कागदावर त्याचं नाव मात्र पहिल्यांदाच आलं. त्याची बायको नीलाबाई हिने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाजवळ ठेवला, आणि ठेवता ठेवता शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"म्हंजे काम नाई केलं त काढतीन, अन् चांगलं केलं त बी काढतीन?"

"सरकारी कागद हाय," सोमाजी म्हणाला. "समजून घ्याचा नसते. जपून ठेवाचा असते."

आरमोरीच्या रस्त्यावर निसर्ग दालन बांधायचं ठरलं, तेव्हा त्यात काय दाखवावं हा प्रश्न होता. वाघ दाखवण्यात अर्थ नव्हता. वाघ लोक आपापल्या धानाच्या बांधावर फुकट पाहत होते, आणि पाहायला मिळू नये म्हणून अर्ज करत होते. तेव्हा वनखात्याचे साहेब म्हणाले, जनतेने न पाहिलेलं काहीतरी हवं. समुद्र आरमोरीहून कुठल्याही दिशेने निघालं तरी रात्रभराच्या प्रवासावर आहे. म्हणून समुद्र आणला. काचेची टाकी आली, मिठाच्या गोण्या आल्या, मुंबईहून जिवंत प्रवाळ आणि खडक आले. टाकी बघायला माणूस कोण, तर सोमाजी. तो ढिवराचा, मासे त्याला समजणारच, असं साहेबांनी गृहीत धरलं. सोमाजीच्या सात पिढ्यांनी गोड्या पाण्यातले मासे पकडले होते. जिवंत ठेवायचे हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

खडकांबरोबर कीड आली. आधी एक, मग पाच, मग बारा. बोटाच्या पेराएवढी, तपकिरी, काचेसारख्या तंतूंची समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी. दिसायला देखणी, पण शेजारच्या प्रवाळाला तंतू लागला की तो जळून पांढरा पडायचा. साहेबांनी पाहिलं आणि शेतकऱ्याच्या मुलाला शोभेल असा हुकूम दिला: निंदून काढा.

सोमाजीने निंदलं. धानाच्या बांधीत तण काढतात तसं, नखाने, मुळासकट. आठवड्याने मोजणी केली तर बाराची साठ-सत्तर झाली होती.

"भाऊ, तुम्ही शेती केली," दिव्यानी म्हणाली. ती दालनातली कंत्राटी जीवशास्त्रज्ञ. चंद्रपूरहून आलेली, वयाने सगळ्यांत लहान, आणि इमारतीत पुस्तक उघडणारी एकटीच. "हिचा जेवढा तुकडा उरते, तेवढी नवीन उगवते. हिले खाणारं कोणी आणा लागते."

खाणारं म्हणजे समुद्री गोगलगाय. नग बारा मंजूर झाले, आणि त्यांच्याबरोबरच सोमाजीचा तो छापील कागद निघाला. पार्सल नागपूरहून एसटीने आलं. बडेबाबू गुणवंतराव, ज्यांच्या सहीशिवाय दालनात पंखासुद्धा फिरत नसे, ते नोंदवही घेऊन उभे राहिले. पिशवी उघडली. आत पाणी होतं आणि तांदळाच्या कणीसारखं काहीतरी.

"हे काय बे? भक्षक मागवला होता ना आपन?"

"हेच भक्षक, सर," दिव्यानी म्हणाली.

"याहून मोठा भक्षक त माह्या उशीत हाय."

तरीही नोंद झाली. पंचाईत पुढे झाली; हे प्राणी अंधारातच बाहेर येतात आणि कार्यालयाची वेळ सकाळी पावणेदहापासून. पडताळणी दर सोमवारी करायची होती. गुणवंतराव काचेला चष्मा लावून पाच मिनिटं उभे राहत आणि रकान्यात लिहीत: "प्रत्यक्ष आढळले नाहीत, तथापि असावेत." या वाक्याखाली त्यांनी बारा सोमवार सही केली.

ते होते. खडकावर पांढऱ्या दोऱ्याची वेटोळी दिसू लागली, ती अंडी. बाराचे चाळीस झाले. कीड एकेक करून नाहीशी होत गेली; प्रवाळाला पुन्हा जांभळा रंग चढू लागला. सोमाजी रोज सकाळी उरलेली फुलं मोजायचा आणि घरी जाऊन आकडा नीलाबाईला सांगायचा. ती ऐकून देवाजवळच्या कागदाकडे बघायची. एक दिवस आकडा नऊ होता.

"भाऊ, एक गोष्ट आहे," दिव्यानी त्याला म्हणाली. "या गोगलगायी दुसरं काहीच खात नाईत. कीड संपली की या उपाशी मरतीन. हप्ता, दहा दिवस."

सोमाजीने टाकीकडे पाहिलं. "म्हंजे ते अन् मी एकाच ताटात जेवून राह्यलो."

"तसंच समजा."

"अन् हे गोठ साहेबाले मालूम हाय?"

"मी लेखी दिलं होतं. बडेबाबूंनी लिहिलं, 'भक्षकांच्या आहाराची बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.'"

गावच्या तलावात मासेमारी लागते तेव्हा सगळे ढिवर एकत्र उतरतात. पण एका खोल कोपऱ्यात जाळं टाकत नाहीत. तिथे बियाणं असतं. कुणी टाकलंच, तर त्याच्या जाळ्यापेक्षा त्याच्या बापाविषयी जास्त बोललं जातं. सोमाजीला बाकी समुद्र कळत नसेल, एवढं कळत होतं. त्याने नऊ फुलांपैकी चार, दगडासकट, उचलली आणि नीलाबाईच्या लोणच्याच्या बरणीत, मिठाच्या पाण्यात, गोदामाच्या खिडकीशी ठेवली. चिमटीभर झिंगे कुटून घालू लागला.

"माही बरणी कुठी गेली?" नीलाबाईने विचारलं.

"ऑफिसात."

"लोनचं कोन घालून राह्यलं तिथी?"

"लोनचं नाई. नोकरी."

एका बरणीच्या सात बरण्या झाल्या. निंदायची विद्या आता उपयोगी पडली: एक फूल कुस्करलं की सहा. दोन दिवसांआड तो एक दगड टाकीत ठेवायचा आणि रिकामा झाला की काढायचा. टाकीत कीड दिसत नव्हती, गोगलगायी जगत होत्या, सोमाजी कामावर येत होता.

मग साहेब "कीड शून्य" असा दाखला द्यायला स्वतः आले. टाकी पाहून खूष झाले. सोमाजी काचेशेजारी उभा होता, हातांचं काय करावं हे न कळून. शून्य लिहिलं की संपलं. तेवढ्यात साहेबांच्या खुर्चीसाठी गोदाम उघडायला गेलेल्या गुणवंतरावांचा आवाज आला.

"साहेब! इकडे या! हा मानूस कीड पोसून राह्यला! सरकारी आवारात! बरन्यांत!"

सगळे गोदामात. सात बरण्या, उन्हात डोलणारी शेकडो फुलं.

"काऊन रे सोमाजी? काय हे?" साहेबांनी विचारलं.

"बियानं हाय जी," सोमाजी म्हणाला. "ते मेली त ते बी मरतीन."

"कोण ते, कोण ते?"

दिव्यानीने मध्ये पडून समजावलं: खाणारा जगायचा, तर खाल्लं जाणारं जगलं पाहिजे. साहेबांनी अठरा वर्षं वाघाच्या जंगलात काढली होती. हे त्यांना एकदम समजलं, आणि आपणच शोधल्यासारखं समजलं.

"अरे, हे तर भक्ष्य क्षेत्र आहे! गवत वाढवलं, चितळ वाढलं, तेव्हा वाघ थांबला. लिहा बडेबाबू. टाकी म्हणजे गाभा क्षेत्र. बरण्या म्हणजे बफर."

"बरन्या लोनच्याच्या हायेत, साहेब."

"बफर लिहा."

सोमाजीच्या पाठीवर थाप पडली. त्याचा बरण्यांसह फोटो निघाला. घरी गेल्यावर नीलाबाई म्हणाली, "आता तरी कायम करतीन?" तो म्हणाला, "साहेब हसले." ती म्हणाली, "हसले त कठीन हाय."

दोन महिन्यांनी आदेश आला. सागरी भक्ष्य-भक्षक संवर्धन प्रकल्प, टप्पा एक, मंजूर. कीड निर्मूलनाचे कार्य यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याने पूर्वीचे हंगामी पद संपुष्टात. त्याऐवजी प्रकल्प सहायकाचे एक पद निर्माण करण्यात येत असून, उमेदवार प्राणिशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर असावा व त्यास समुद्री गोगलगायींच्या संगोपनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा.

जाहिरात दोनदा निघाली. अर्ज आला नाही. पद रिक्त आहे. गोगलगायींना अजून सोमाजीच खायला घालतो, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे "आवारातील गवत कापणे" असं लिहिलेलं असतं.