सोळावी विहीर

"अरे, बोल की बाबा! काय ऱ्हायलंय तुझं? बांध ऱ्हायला? जा, बांध दिला! ह्या सगळ्यांदेखत दिला!"

घोडनदीच्या काठावर आबा ओरडत होते. आबा म्हणजे माझे थोरले मामा; नुसतं 'मामा' मी त्यांच्या धाकट्या भावालाच म्हणायचो. मामांना जाऊन दहावा दिवस होता, दशक्रियेला शिरूरचे आणि दौंडचे मिळून सगळे नातेवाईक जमले होते. पिंड मांडून झाला होता आणि पलीकडच्या बाभळीवर कावळे येऊन बसले होते. किती? मी आजवर लोकांना तीनशे सांगत आलोय. खरं म्हणजे अकरा असतील. पण अकराच्या अकरा आमच्याकडं पाठ करून बसले होते.

गेलेल्याच्या मनात काही राहिलं असलं की कावळा पिंडाला शिवत नाही. मग मागं राहिलेले एकेक कबूल करत जातात. ज्या बांधावरून दोघं भाऊ बारा वर्षं एकमेकांच्या दारात गेले नव्हते तो बांध आबांनी देऊन टाकला. बांधावरचं बोरीचं झाड दिलं. मग विहिरीवरची मोटर दिली. कावळा हलेना. अजून तासभर असंच चाललं असतं, तर आबांनी शिरूरचा एसटी डेपोसुद्धा मामांच्या नावावर करून दिला असता.

मामी बाजूला एका दगडावर बसल्या होत्या. पदर डोक्यावर, नजर पाण्याकडं. त्यांनी काहीच कबूल केलं नाही.

काय राहिलंय ते मला माहीत होतं. मला एकट्यालाच, असं मला वाटत होतं. आणि ते राहिलं होतं माझ्यामुळं.

मामांचं शिरूरच्या पेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आमचं घर दौंडला, रेल्वेच्या क्वार्टर्सना लागून. तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि जाताना ते एक बंद पडलेला कॉम्प्युटर आमच्याकडं टाकून गेले. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे नुसती कीबोर्डची जाड पेटी. सगळं तिच्याच पोटात. समोर घरातला टीव्ही जोडायचा, बाजूला टेपरेकॉर्डर. मी कॉलेजात होतो. गोधडीत गुंडाळून मी तो एसटीनं शिरूरला आणला. वाटेत कंडक्टरनं तान्हं बाळ समजून मला खिडकीची जागा दिली, असं मी सांगतो. ते सोडा. मामांनी आठ दिवसांत त्याच्यात जीव घातला, हे मात्र खरं.

त्याच्याबरोबर खेळाची एकच कॅसेट आली होती. ती लावली की चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत टीव्हीतून मांजरांची भाऊबंदकी ऐकू यायची, आणि मग खेळ उघडायचा. जमिनीखाली एक बारका माणूस. त्यानं माती उकरत जायचं, हिरे वेचायचे आणि घड्याळ संपायच्या आत दार गाठून बाहेर पडायचं. वर ठिकठिकाणी दगड. ज्या दगडाखालची माती काढाल तो सुटणार. खाली तुम्ही असाल तर डाव संपला. अशा एकामागोमाग सोळा गुहा.

मामा गुहा म्हणायचे नाहीत. विहीर म्हणायचे. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, लोकांच्या विहिरी खोदायचे. एका विहिरीत वरून दगड सुटला आणि ते वर आले नाहीत. मामा तेव्हा काठावर रहाटापाशी उभे होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, सोल्डरिंग करता करता, मान वर न करता.

म्हणून तो खेळ मामांच्या हातात खेळ राहायचाच नाही. सुरू करायच्या आधी ते चपला काढायचे. विहिरीचा पहिला टिकाव मारताना ठेवतात तसा टेपरेकॉर्डरवर गुळाचा खडा ठेवायचे. त्या गुळानं पुणे जिल्ह्यातल्या समस्त मुंग्या कीबोर्डात राहायला आल्या. डावीकडं जायचं बटण तर त्यांनी कायमचं ताब्यात घेतलं होतं. मामा फुंकर मारायचे आणि पुन्हा बसायचे. प्रत्येक विहिरीचा नकाशा त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं काढला होता. कुठली माती आधी, कुठली शेवटी, कुठला दगड कशावर टेकलाय. पंधरा विहिरी झाल्या. पंधरा पानांच्या कोपऱ्यात बरोबरची खूण पडली. सोळावी होईना.

"ह्याला वर काढायचाच," मामा त्या बारक्या माणसाबद्दल म्हणायचे.

एका दुपारी सोळाव्या विहिरीवर मला बसवून मामा आत जेवायला गेले. मी तीन डाव खेळलो, तिन्ही डाव दगडाखाली मेलो. आतून हात धुतल्याचा आवाज आला. मी पटकन मशीन बंद केलं. त्या मशीनला काही साठवून ठेवता यायचं नाही. बंद केलं की सगळं पुसलं जायचं.

"मामा, झाली सोळावी!"

"आन् बंद का केलंस?"

"लाईट गेली."

मामांनी वर बघितलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"लगेच आली परत," मी म्हणालो.

मामांनी नजर खाली आणली. स्टुलावर बसले, चष्मा काढला.

"निघाला बाहेर?"

"निघाला की."

"जित्ता?"

"अंगाला धूळसुद्धा न्हाई, मामा."

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्या जिभेला थांबा कुठला? मी म्हणालो, दार उघडतं, पुढं महाल लागतो, सनई वाजते, आणि एक हत्ती येऊन त्या माणसाच्या गळ्यात हार घालतो.

"हत्ती कंच्या रंगाचा?"

"काळा-पांढरा टीव्ही हाय, मामा. कसं कळणार?"

मामा किती तरी वेळ चष्म्याची काच धोतराला पुसत राहिले. त्यांचे डोळे मी पाहिले. त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी चहा आणायला गेलो.

पुढं मी दौंडला नोकरीला लागलो, संसार झाला, मशीन दुकानातच राहिलं. मामा आठवड्याच्या सुट्टीला शटर अर्धं ओढून सोळावी विहीर खोदत राहिले. एक-दोन वर्षं नव्हे, तीस वर्षं. टीव्ही बदलले, टेपरेकॉर्डरचे पट्टे बदलले. अधूनमधून फोन यायचा.

"भाचेबुवा, उजव्या कोपऱ्यातला दगड तू वरून सोडवलास का बाजूनं?"

"वरून, मामा."

की वर्षभर वरून. मग पुन्हा फोन.

"वरून न्हाई जमत रं."

"मग बाजूनं असंल. इसरलो बघा."

की वर्षभर बाजूनं. माझ्या एकेका शब्दापायी त्या म्हाताऱ्या माणसाचं एकेक वर्ष गेलं, ह्यात मी काही वाढवून सांगत नाही.

माझ्या लेकीनं एकदा मोबाईलवर एक व्हिडिओ शोधून आणला. कुणीतरी सगळा खेळ खेळून दाखवला होता. मामांनी तिच्या हातातला मोबाईल घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. "दुसऱ्याचं पाणी बघून माझ्या हिरीला पाणी लागतं व्हय गं?" शेवटच्या एक-दोन वर्षांत त्यांनी दगडांचं विचारणं सोडलं. फोन केला की हत्तीचंच विचारायचे. उभा होता का बसलेला? गळ्यात घंटा होती का? मी मनापासून उत्तरं द्यायचो. घंटा दिली, झूल दिली, शेवटी माहूतही दिला. मला वाटायचं, वय झालं, आता त्यांना तेवढंच ऐकायला बरं वाटतंय.

तर त्या दिवशी नदीवर मी पुढं झालो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "मामा, सोळावी विहीर मी पुरी करतो!"

"कसली हीर?" आबा चिडून म्हणाले. "बोअर मारलाय की त्यानं!"

चारदोन जण हसले. कावळे तसेच. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाची काडी वळायला घेतली. खरा आला नाही की दर्भाचा कावळा करून शिववतात. आबांनी शेवटचं म्हणून सगळ्यांना मागं सारलं. मी सरलो नाही. पिंडाशी वाकलो. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी हळू आवाजात बोललो.

"मामा, हत्ती नव्हता. दारच उघडलं न्हाई. मी तिथंच मेलो, तीन डाव. लाईटबी गेली नव्हती."

उठलो, मागं आलो. एक कावळा खाली उतरला आणि त्यानं चोच लावली.

गर्दी मागं सरली म्हणून उतरला असेल. मी वाद घालत नाही. एरवी ह्याच गोष्टीत मी कावळ्याला दोन शब्द बोलायलाही लावले असते. इथं नाही. तो आला, शिवला, गेला, एवढंच.

दुपारी जेवणं उरकल्यावर मी दुकानात गेलो. मामी तिथं एकट्याच होत्या. मशीनवर टाकायला मामांनी जुन्या लुगड्याचं पांघरूण शिवून घेतलं होतं, ते त्या झटकत होत्या. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"मामी, सोळावी मी कधीच पार केली नव्हती. थाप मारली होती. मामांचं सगळं आयुष्य त्यात गेलं."

मामींनी पांघरुणाची घडी घातली. मग फळीवरची कॅलेंडरची पानं काढून माझ्या हातात दिली. सगळ्यात खालचं पान सोळाव्या विहिरीचं. खोडून खोडून कागद विरला होता. कोपऱ्यात बरोबरची खूण होती.

"ह्यांनी काढला त्याला वर," मामी म्हणाल्या. "दोन दिवाळ्या झाल्या. मी हितंच बसले हुते, भाजी निवडत."

मला शेवटच्या दोन वर्षांतले फोन आठवले. घंटा, झूल, माहूत.

"मग..." मी विचारलं, "दाराच्या पुढं काय होतं?"

"काय न्हाई," मामी म्हणाल्या. "परत पहिलीच हीर येती."