ट्रकच्या वरची तार

आमचा ट्रक महाडहून गोव्याला जायचा होता आणि आम्ही निघालो मुंबईच्या दिशेनं. दासगाव मागं पडलं तसं मला हसू आलं. म्हटलं, "अवो, गोवा पाठीमागं राहिला." ह्यांनी नुसतं हुं केलं. कोलाडला रेल्वे अख्खे ट्रकच चढवून घेते, मालासकट, ड्रायव्हरसकट, आणि पार गोव्यात वेर्ण्याला नेऊन उतरवते. त्याला रो-रो म्हणतात. आपण आपल्या ट्रकात बसून राहायचं, खालून आगगाडी धावते. तिथं चढायचं म्हणून हे उलटं जाणं.

ही युक्ती माझी. ह्यांना विचाराल तर म्हणतील, बायकोच्या नादाला लागून मी ट्रक आगगाडीवर चढवला, आणि ते खरंच आहे. ह्यांनी चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलं. पण गेल्या दिवाळीपासून अंधार पडला की समोरच्या गाडीचा उजेड ह्यांच्या डोळ्यांत फुटायचा. हे कुणाला सांगत नसत. मला कळलं ते पोलादपूरजवळ, कापड्याला, आमच्या घरी. तिन्हीसांजेला ओटीवर चहाची बशी ठेवली, तर ह्यांचा हात बशीच्या वीतभर बाजूला चाचपत होता. मग एकदा कशेडी घाटातून ट्रक आला तो डावी बाजू खरवडून. म्हणाले, बैल आडवा आला. मी विचारलं, बैल हिरवा होता का? कारण पत्र्याला दुसऱ्या गाडीचा हिरवा रंग लागला होता.

तेव्हापासून ट्रक घाटात असला की माझा डोळा लागत नसे. महाडच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ह्यांनी ठरवलं, पावसाळ्यात काढू, तेव्हा भाडी कमी असतात. तोवर रात्रीच्या रस्त्याचं काय, हे विचारायची सोय नव्हती. रो-रोचं ऐकून होते, मी तेच धरून बसले. आगगाडी चालवेल, तुम्ही नुसते बसा. हे पूर्वी दोनचारदा गेलेले होते तसे, फार वर्षांपूर्वी. तेव्हा म्हणे ट्रकच्या मालावर, ताडपत्रीवर पाय पसरून झोपत गोव्यापर्यंत गेले होते. नेमका क्लीनर तापानं फणफणलेला. एका ट्रकबरोबर रेल्वेला दोन माणसं चालतात, मग दुसरी मी.

कोलाडला रेल्वेच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजी, तुम्ही क्लीनर?"

"व्हय. चाळीस वर्षं ह्यांनाच साफ करत्येय."

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर, दाढीवाला, साताऱ्याकडचा, तो खो खो हसला. हेही हसले. तिथपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

बिघडलं ते कमानीपाशी. तिथं लोखंडाची एक कमान असते, तिच्याखालून ट्रक गेला पाहिजे, तरच तो गाडीवर घेतात. आमच्या ट्रकात प्लॅस्टिकच्या दाण्यांची पोती होती, वरची रास जरा फुगलेली. कमानीला ताडपत्री घासली. मग दोर सोडा, पोती दाबा, पुन्हा ताडपत्री ओढा, पुन्हा दोर बांधा. मागं ट्रकांची रांग, हॉर्न वाजतायत. हे घाईनं गाठी मारत होते. मी खालून म्हटलं, "गाठ नीट पडली नाय त्या कोपऱ्याला."

"तू मला गाठ शिकवतेस?"

आणि माझ्या जिभेला काय झालं, देव जाणे. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "दिसतंय कुठं तुमाला. संध्याकाळचं ताट दिसत नाय, गाठ काय दिसणार."

भर उन्हात ह्यांचा चेहरा काळवंडला. ड्रायव्हर माणसाचे डोळे असे चारचौघांत काढणं म्हणजे काय, हे मला शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. सातारवाला दुसरीकडे बघायला लागला. हे खाली उतरले, मला एवढंच म्हणाले, "आता गोवा येईपर्यंत तोंड उघडू नको." मलाही राग आला. म्हटलं, बरं. नाही उघडत.

मग ट्रक चढवले. गाडीच्या एका टोकाला उतार केलेला असतो. त्यावरून ट्रक वर जातात आणि सपाट डब्यांच्या पाठीवरून, एका डब्यावरून दुसऱ्यावर, पुढं पुढं सरकतात. दोन्ही बाजूंना चाकापासून कडेपर्यंत वीतभर जागा. मी डोळे मिटून घेतले होते. ह्यांनी मात्र दिवसाउजेडी ट्रक असा नेऊन लावला की रेल्वेचा माणूसही "वा" म्हणाला. हे खाली उतरून चाकांना ठोकळे आणि साखळ्या लावत होते, तेवढ्यात तोच माणूस माझ्या खिडकीपाशी आला. हात वर करून म्हणाला, "आजी, ड्रायव्हरला सांगा. पुढं सगळीकडे वर विजेची तार आहे. गाडी थांबली तरी कुणी मालावर चढायचं नाही. तारेला हात लावायचीही गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी ओढून घेते. राहत नाही माणूस." मी मान हलवली. तो पुढच्या ट्रककडे गेला.

आम्ही उभे होतो तिथं वर तार नव्हती. निळं आभाळ. हे चढून येऊन शेजारी बसले, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी निरोप सांगितला नाही. विसरले नव्हते, हे लिहून ठेवते. म्हटलं, तोंड उघडू नको म्हणालात ना, राहा मग. हे कशाला वर चढतायत, असंही वाटलं.

गाडी हलली. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते, आणि अजून खरी भीती यायचीच होती. ट्रकचं इंजीन बंद, स्टिअरिंगला कुणाचा हात नाही, आणि ट्रक धावतोय. समोर पुढच्या ट्रकचं ढुंगण डावीउजवीकडे डोलतंय. वळणावर आपला ट्रक कलतोय, साखळ्या करकरतायत. ह्यांचा उजवा पाय ब्रेकवर होता. पूल आला की दाबत होते. एरवी मी केवढी हसले असते.

सकाळी मागं टाकलेलं वीर स्टेशन दुपारी पुन्हा समोर आलं. पलीकडे सावित्री दिसली, आमच्या पोलादपूरकडून आलेलं पाणी, संथ. तिथं मला पहिल्यांदा समोरच्या काचेतून वर बघायचं सुचलं. तार होती. खांबामागून खांब, आणि काचेच्या वरच्या कडेला ती तार आमच्याबरोबर पळत होती. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी पदर तोंडावर घेऊन बसून राहिले.

विन्हेऱ्याच्या पुढं मोठा बोगदा आहे. आत शिरलो तो अंधार, डिझेलचा वास, आणि गार वारा असा घुसला की कानात दडे बसले. आणि मागून फाट्ट झालं. मग फाट् फाट् फाट्, कुणी ओलं लुगडं दगडावर आपटतंय तसं. ताडपत्रीचा तो कोपरा सुटला होता. हे पहिल्यांदा बोलले, पण स्वतःशीच: "गेली गाठ." बोगदा संपेना. प्रत्येक फटक्याला मी सीट धरत होते.

बोगदा संपून पुढं एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली, समोरून दुसरी गाडी यायची होती म्हणून. आमच्या बाजूला फलाट नव्हता, खाली खडी आणि पलीकडे करवंदीची जाळी. हे दार उघडून डब्यावर उतरले. मला वाटलं, लघवीला. मग ट्रकला वळसा घालून हे माझ्या बाजूला आलेले डाव्या आरशात दिसले. ह्यांनी फाळक्याच्या, म्हणजे ट्रकच्या बाजूच्या फळीच्या, हुकावर पाय ठेवला, दोराला धरलं, आणि वर निघाले. तसेच, जसे चाळीस वर्षं चढले. ताडपत्री सुटली की ड्रायव्हर वर चढतो, त्यात विचार कसला करायचा?

मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. "अवो, उतरा! उतरा खाली!"

"आता बोलायला येतंय व्हय तुला?" वर न बघता, खाली न बघता हे म्हणाले. "दोन मिनिटं गप बस गो."

"तार! वर तार हाय!" असं मी म्हणाले का? मला वाटतं म्हणाले. पण तेवढ्यात समोरची गाडी आली, तिची शिट्टी आणि धडधड, आणि मला माझाच आवाज ऐकू येईना. ह्यांचा एक पाय फाळक्याच्या वरच्या फळीवर गेला. दुसरा उचलला की हे मालावर उभे राहणार, आणि उभे राहिले की डोकं तारेपाशी. दार उघडून उतरायला माझे गुडघे कुठले. उतरले असते तरी हात कुठं पोचला असता?

तेव्हा मी छातीवर हात ठेवला, तोंड वासलं आणि खिडकीवर आडवी पडले. पदर खाली लोंबू दिला. मान टाकली. मला नाटक येत नाही, शाळेतही कधी केलं नव्हतं. एक डोळा किंचित उघडा ठेवला होता. हे खाली बघतायत की नाहीत, तेवढंच बघत होते.

हे बघत होते. पाय तसाच हवेत. मग हे दोरावरून घसरतच खाली आले, हात सोलून निघाले. दार उघडून मला आत ओढलं, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. "काय झालं? कुठं दुखतंय? बोल ना गो. मगाशी बोललो ते सोड, बोल." मी ह्यांचा शर्ट दोन्ही मुठींत धरला. समोरची गाडी निघून गेली, एकदम शांत झालं, आणि मग मला शब्द सापडले.

"वर तार हाय. विजेची. त्या माणसानं सांगितलेलं. मी तुमाला बोलले नाय."

हे काचेतून वर बघत राहिले. मग म्हणाले, "तारा दिसल्या होत्या मला. पण त्या गाडीच्या हायत, आपला त्यांच्याशी काय संबंध, असं डोक्यात. आमच्या वेळी नव्हत्या." असं म्हणून हे हळूच स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

ओरड्यानं सातारवाला धावत आला होता. त्यानं वर बघितलं, सुटलेला कोपरा बघितला आणि कपाळावर हात मारला. "काका, हे वाऱ्यानं वर गेलं आणि चिकटलं तर?" हा विचार आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. तो स्टेशनातल्या माणसाला घेऊन आला. त्या माणसानं गाडी थांबवून धरली आणि मला खाली उतरवून दूर उभं केलं. मग ह्यांनी आणि सातारवाल्यानं डब्यावरच उभं राहून, हात खांद्याच्या वर न नेता, लोंबणारं दोराचं टोक पकडून कोपरा खाली ओढला आणि हुकाला आवळला. तेवढ्या वेळात मी ह्यांच्या डोक्याकडे आणि तारेकडे, आळीपाळीनं बघत होते. ह्यांनी केस खाजवायला हात वर नेला तर मी किंचाळले. स्टेशनातला माणूस दचकला. ह्यांनी हात खाली घेतला आणि पुन्हा वर नेला नाही.

पुढचा प्रवास भीतीतच गेला. प्रत्येक बोगद्यात मी कान देऊन बसायचे. गाडी थांबली की ह्यांचा शर्ट धरायचे. रत्नागिरीच्या अलीकडे हे चिडले, "अगो सोड, खरंच लघवीला जायचंय." मी म्हटलं, जा, पण माझ्या खिडकीखालीच बसा. बसले बिचारे. हसायला आम्हाला दोघांनाही आलं नाही.

वेर्ण्याला ट्रक जमिनीवर उतरला, तेव्हा ह्यांनी पहिलं काम काय केलं, तर मुलाला फोन लावला. मी बाजूला उभी. हे सांगत होते, "तुझ्या आईच्या छातीत दुखलं गाडीत. व्हय, बरंच दुखलं. आता बरी हाय." तारेचा एक शब्द नाही. मी हात केला, सांगा ना खरं. ह्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मला कळलं, हे कधीच सांगणार नाहीत, आणि मीही नाही, कारण सांगायचं तर निरोप का पोचवला नाही तेही सांगावं लागेल.

घरी परतल्यावर मुलानं मला महाडला नेऊन छातीची पट्टी काढून आणली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वयाचं आहे, मीठ कमी करा. ह्यांनी माझ्याच बरोबर स्वतःचा मोतीबिंदूही दाखवला आणि पावसाळ्याची वाट न बघता काढून घेतला. ते चांगलं झालं. सून तेव्हापासून माझी भाजी वेगळी काढते, अळणी. मला अळणी वालाची उसळ अजिबात घशाखाली उतरत नाही. पण जेवताना हे समोर बसलेले असतात, हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीला लावून, दोन्ही डोळ्यांनी ताटात नीट बघत. मग मी काही न बोलता उसळ खाते. आता सुनेनं हे वाचलं तर मीठ मिळेल, बघूया.