शुक्रवार पेठेतला झाकलेला आरसा

शुक्रवार पेठेतले ते घर मी आजही विसरलेलो नाही. १९३४-३५ च्या सुमारास मी सोलापुरात फौजदार होतो. एका शाळामास्तरांच्या धाकट्या भावाने ठाण्यावर अर्ज दिला, की वहिनी भावाला धोतऱ्याचे बी चारून वेडा करते आहे. बावन्न वर्षांचा धडधाकट माणूस बायकोला ओळखेना, आणि तिने घरातला आरसा जुन्या लुगड्याने झाकून टाकलेला. करणीच ती, असे गल्लीही म्हणत होती.

झडतीत धोतरा मिळाला नाही. बाई दुधनीकडच्या खेड्यातली. दोन तास दरडावून विचारले. तिचे एकच उत्तर, "आरशातल्या मानसाला मास्तर भेत्यात, सायेब. म्हून झाकलाय." मला ती शुद्ध थाप वाटली. खरे सांगतो, तिच्या थंडपणाचा रागच आला. तिच्या अटकेचे कागद तयार ठेवायला मी जमादाराला सांगितले.

मास्तरांना सिव्हिल इस्पितळात ठेवले आणि बायकोची भेट बंद केली. धोतऱ्याचा अंमल दोन-चार दिवसांत उतरतो. आठ दिवस झाले तरी फरक नव्हता. नवव्या दिवशी भर दुपारी गेलो, तर मास्तर भिंतीवरच्या आरशापुढे उभे होते. मी मागे जाऊन थांबलो.

"हे गृहस्थ सकाळपासून माझ्याकडेच बघताहेत," ते आरशाकडे बोट करून हळूच म्हणाले. "आणि फौजदारसाहेब, तुम्ही त्यांच्या बाजूला कसे?"

बाई खरे बोलत होती.

डॉक्टर म्हणाले, "स्मृतिभ्रंश आहे."

"म्हणजे म्हातारचळ? या वयात?"

"तुम्ही 'अकस्मात मयत' लिहिता, ते काही मरणाचे कारण नव्हे. बुडून की विषाने, ते पुढे शोधताच ना? स्मृतिभ्रंश हे तसेच वरचे नाव. दारू, डोक्याला मार, कारणे पुष्कळ. काहींवर इलाज चालतो. यांना मात्र अल्झायमरचा रोग असावा. खात्री मरणानंतर मेंदू उघडल्यावरच होईल."

संशय फिटला. बाईला हायसे वाटेल म्हणून मी स्वतः जाऊन सगळे सांगितले.

"ह्यो रोग बरा हुतो का?" तिने विचारले.

मी नाही म्हणालो.

"त्यापरीस म्याच धोतरा घातला असता तर बरं झालं असतं की, सायेब. उतरला तरी असता."

गुन्हा नाकारणारे आरोपी मी शेकड्यांनी पाहिले. आपल्या हातून तो घडला असता तर बरे, असे म्हणणारी निरपराध बाई एकच. त्यानंतर कुणाला निर्दोष म्हणून सोडताना मी अभिनंदन केले नाही.