मामाची मांडी

मुंबईच्या विमानतळाकडे निघालेली टॅक्सी पंचवटीतल्या ताईच्या गल्लीत शिरेना, म्हणून भाऊजींनी माझ्या दोन्ही बॅगा स्कूटरवरून कोपऱ्यापर्यंत नेल्या. ताईला सातवा महिना होता. तरी ती धापा टाकत मागून आली आणि भाजीवाल्यांच्या देखत मला दम भरला, "जावळाच्या आत ये. मांडी तुझीच लागणार आहे." येवल्याहून आलेली आई घाईत हातावर दही द्यायला विसरली, तिने टॅक्सीच्या खिडकीतून साखर दिली. "तिकडे कुणीही हो," ती म्हणाली, "इथे तू मामा आहेस." ते नव्व्याण्णव साल होतं आणि मी सव्वीस वर्षांचा होतो. दोन वर्षांत परत येणार हे मी सगळ्यांना इतक्या ठामपणे सांगितलं होतं की माझाही त्यावर विश्वास बसला होता.

आमच्याकडे बाळाचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवूनच काढतात. पहिल्या वर्षी, नाहीतर तिसऱ्या, नाहीतर पाचव्या. तोवर कात्री लावायची नाही.

ताईला मुलगा झाला, अथर्व. त्याच्या पहिल्या वर्षी मला रजा मिळाली नाही. मग माझी कंपनीच बंद पडली. दुसरीने घेतलं, व्हिसाचे कागद नव्याने भरले, त्यामागून ग्रीन कार्डचे. वकीलबाई म्हणाल्या, "कागद अडकलेत तोवर देशाबाहेर जाऊ नका. परत घेतील याची खात्री मी देणार नाही." तिसरं वर्ष असं गेलं. खोली, पार्किंग, ऑफिस, पार्किंग, खोली. पगार वेळेवर होत होता. तक्रार करायला तोंड नव्हतं आणि श्वास तर कोंडत होता.

तातडीच्या प्रवासासाठी परवानगीचा एक फॉर्म असतो. तो मी भरायला घेतला. कुणासाठी जायचंय? पती-पत्नी, मुलं, आईवडील एवढेच रकाने. भाचा कुठेच बसेना. माझा बंगाली रूममेट शुभो मानववंशशास्त्रात पीएच.डी. करत होता. त्याने फॉर्म पाहिला आणि मला एक शब्द शिकवला, इनेट. म्हणजे आईकडून नातं असलेला. "तू त्या मुलाचा इनेट आहेस," तो खूश होऊन म्हणाला, जणू माझी बढतीच झाली होती. एवढा विद्वान शब्द, आणि त्याला रकाना नाही. 'इतर'समोर मी 'भाच्याचे केस' असं लिहिलं आणि मग कागद फाडून टाकला.

फोटो येत राहिले. तिसऱ्या वर्षी केस खांद्यावर, चौथ्या वर्षी दोन वेण्या, लाल रिबिनी. ताईच्या सासूबाईंनी सुचवलं, तुझा मावसभाऊ आहे ना गंगापूर रोडला, त्याची मांडी चालेल. ताईने त्यांना साफ सांगितलं, "माझा सख्खा भाऊ आहे. परक्या मांडीवर मी पोराला बसवणार नाही." हे ऐकून मला अभिमान वाटायला हवा होता. मला तिचा राग आला. तिने हट्ट सोडला असता तर मी सुटलो असतो.

पोरगं शाळेत जायला लागलं. एकदा त्याने ताईच्या हातातून फोन ओढून घेतला. "मामा, बाई मला मुलींच्या रांगेत उभं करतात. तू कधी येणार?" मी म्हणालो, लवकर. नंतर ताईला म्हणालो, मावसभावाच्या मांडीवर बसव, माझी वाट बघू नकोस. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर मला कुणी डांबलेलं नव्हतं. जायला दार उघडं होतं, फक्त परत यायची खात्री नव्हती. तेवढ्या खात्रीसाठी मी सहा वर्षं जागचा हललो नाही. माझ्यासारखे गेलेले हे वाचत असतील तर त्यांना वेगळं समजावायला नको.

ताईने मावसभावाला बोलावलंच नाही. पाचवं वर्ष सरता सरता गुरुजींनी तोड काढली. माणूस हजर नसेल तर त्याच्या जागी सुपारी ठेवतात. आमच्या वडिलांनी, आण्णांनी, अथर्वला मांडीवर घेतलं आणि उजव्या मुठीत माझ्या नावाची सुपारी धरली. अथर्वने ती मूठ उघडायला लावली, वाकून बघितलं आणि विचारलं, "मामा एवढासाच आहे?" सगळे हसले. ताई आत निघून गेली. हे मला आण्णांनी सांगितलं, तिने नाही.

पुढच्या वर्षी कागद झाले आणि मी आलो. अथर्वचे केस बारीक कापलेले होते. मी मांडीवर थाप मारली तर तो लाजून भाऊजींच्या मागे गेला. सहा वर्षांचा होत आला होता, मांडीवर कसा बसेल?

सुपारी पूजेनंतर गोदावरीत सोडायची होती. ताईने सोडली नव्हती. देवघरात, अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवली होती, रोजच्या पुसण्याने गुळगुळीत झालेली. आता मला कुणी घर कुठे म्हणून विचारलं की तो देव्हाऱ्याचा कोपराच डोळ्यांपुढे येतो. निघायच्या दिवशी मी ती मागितली. म्हटलं, जवळ ठेवतो, आता मी आलोय, तिचं काम झालं.

ताईने माझ्या हातातून ती काढून घेतली आणि होती तिथे परत ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "तू जाणारच आहेस."