टॉवेलवरचा खलबत्ता

सुशीलाताईंचे नाव आधी घेतो, मग विमानात बसतो. त्यांना वगळून हा प्रवास सांगायला गेलो तर पहिले वाक्यच खोटे पडेल.

आम्ही नर्मदाकाठचे पावरा आदिवासी. धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा आमचे गाव डोंगर उतरून तळोद्याजवळच्या वसाहतीत आले. मी लहान होतो. बाबांनी घर मागे टाकले नाही, ते उकलले. सागाचे खांब, वासे, कौले ट्रकमध्ये चढवली आणि नव्या जागी तोच खांब त्याच कोपऱ्यात उभा केला. सगळ्यांनी तसेच केले, त्यामुळे शेजारही जुनाच राहिला. शाळा मात्र नव्हती.

सुशीलाताई तळोद्याहून सायकलवर यायच्या. सुरुवातीला त्यांनी कोणाला काही विचारले नाही. कैऱ्यांचे दिवस होते. आमच्या बायका वाळवून आमचूर करायला कैऱ्यांच्या फोडी कापत बसल्या होत्या. ताईंनी एक सुरी मागून घेतली आणि त्यांच्यात बसल्या. कापता कापता आमची भाषा शिकल्या, आणि मग त्या भाषेतून आम्हाला मराठी शिकवले. पुढे पंचायतीच्या एका रिकाम्या खोलीत त्यांनी संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या खोलीतून निघाला. तो मी.

नंतर मला सिंगापूरला शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. आदिवासी आणि मूळ रहिवासी समाजांत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी तो अभ्यासक्रम होता. अर्धा युनिव्हर्सिटीत, अर्धा कॉलेजात. नंदुरबार स्टेशनावर ताई गुडघ्याला पट्टा बांधून आल्या होत्या. हातात आमचुराची पिशवी.

“मला आता संध्याकाळी वसाहतीपर्यंत येणं होत नाही,” त्या म्हणाल्या. “खोली गोदामासाठी मागताहेत. तू परत ये असं मी म्हणणार नाही. शिकून तुला तिकडे चांगलं काही मिळालं तर घे. पण काय ते मला कळव. तोवर किल्ली माझ्याकडे ठेवते.”

गाडी सुटली तरी त्या पट्ट्याकडेच माझे लक्ष होते.

सिंगापूर मी पहिल्यांदा पाहिले ते विमानाच्या खिडकीतून. समुद्रावर इतकी जहाजे उभी होती, की आठवडे बाजाराच्या दिवशी सोडून ठेवलेल्या बैलगाड्या आठवल्या. क्वीन्सटाउनला सावंतकाकांच्या फ्लॅटमध्ये मला खोली मिळाली होती. काका मूळचे मालवणचे, जहाजावर इंजिनिअर. अर्धे आयुष्य समुद्रावर गेलेले. दार उघडताच त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

“नर्मदेचा ना रे तू? पोहता येतं?”

“येतं, काका.”

“मग समुद्राला भिऊ नकोस. जेवायला बस. बांगडा खातोस ना?”

आठवड्याचे पहिले तीन दिवस मी युनिव्हर्सिटीत असे. तिथे जगभरच्या मूळ रहिवाशांची स्थलांतरे वाचायची, निबंध लिहायचे. एका प्राध्यापकांनी विचारले, “गाव हलते तेव्हा काय काय हलत नाही?” मी पानेच्या पाने लिहिली. उरलेले दोन दिवस कॉलेजात मिस टॅन यांच्याकडे. तिथे पाने नव्हती. म्हाताऱ्या माणसाला बसमधून कसे उतरवायचे, रडणाऱ्या बाईसमोर किती वेळ गप्प बसायचे, हे शिकवले जाई. मिस टॅन कोणाचा हात धरू देत नसत. “आपला हात पुढे करायचा,” त्या म्हणायच्या. “पकडायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं.”

दुसरा नियम असा, की पहिल्या काही भेटींत प्रश्न विचारायचा नाही. जे काम चालले असेल त्यात हात घालायचा. हे ऐकले आणि मला एकदम कैऱ्यांचा आंबट वास आला.

मला ज्यांच्याकडे पाठवले त्या रोकिया मकचिक (मकचिक म्हणजे मावशी) ओरांग पुलाव, म्हणजे बेटावरच्या लोकांपैकी. सिंगापूरच्या दक्षिणेकडच्या लहान बेटांवर पूर्वी वस्ती होती. ती माणसे तरुणपणी फ्लॅटमध्ये आली आणि तिथेच म्हातारी झाली. मकचिक क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये नातीबरोबर राहत. नात नूर रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरीला होती. आजीचे मलय बोलणे ती मला इंग्रजीत सांगे.

पहिल्याच भेटीत मी घोळ घातला. दार उघडले, समोर आईच्या आईच्या वयाची बाई, पांढरी ओढणी, हातात काठी. मी चपला काढल्या आणि सवयीने वाकलो. पावलांना हात लागणार एवढ्यात पावलेच मागे सरकली. काठी खाली पडली.

“अय्यो, असं नको लाह!” नूर सिंगापुरी ढंगात ओरडली. “आजी घाबरली!”

मकचिक काहीतरी बोलल्या. नूर हसू दाबत म्हणाली, “ती म्हणते, वाकायचं ते फक्त देवापुढे. मी देव नाही, माझे गुडघे दुखतात.”

मी ओशाळून उभा राहिलो. मकचिकनी स्वतःचा उजवा हात छातीवर ठेवून दाखवला. एवढे पुरे, असा. मीही ठेवला. पण वाकलेली पाठ तशीच रिकामी सरळ झाली, हे मला दिवसभर जाणवत राहिले.

त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवले आणि पुढ्यात इकान बिलिस (बोटाएवढी सुकी मासळी) ओतली. डोकी मोडायची, पोटातला काळा दोरा काढायचा. मी मुकाट्याने मोडत बसलो. मग त्यांनी कपाटातून एक काळा दगडी खलबत्ता काढला. टॉवेलाची चौघडी जमिनीवर अंथरली, खल तिच्यावर ठेवला आणि मिरची कुटू लागल्या. आवाज गुदमरल्यासारखा येत होता.

मी नूरकडे पाहिले. तिने जमिनीकडे बोट केले. “खालचे लोक कम्प्लेंट करतात. मी मिक्सर आणून दिला, तिला तो नको.”

काही भेटींनंतर मी ताईंच्या आमचुराची पिशवी घेऊन गेलो. मकचिकनी एक फोड जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “आसम!” आंबटाला त्यांच्याकडे आसम म्हणतात. कालवणात घालायला त्या अशाच वाळवलेल्या फोडी वापरत. त्या दिवशी मासळीच्या कालवणात आमच्या वसाहतीच्या कैऱ्या शिजल्या. मी बोटे चाटून जेवलो. मकचिकनी पिशवीतले आमचूर बरणीत भरले आणि मला न विचारता बरणी फळीवर ठेवली. फार बरे वाटले.

वर्ष सरत आले तेव्हा मिस टॅन यांनी मला बोलावून घेतले. म्हाताऱ्या बेटवासीयांसाठी काम करणाऱ्या एका केंद्रात जागा होती. पासचे, म्हणजे कामाच्या परवान्याचे, ते बघणार होते. महिनाअखेर उत्तर द्यायचे होते. मला खरोखर आनंद झाला. हे लिहिताना लपवत नाही, की खिडकीबाहेरच्या त्या स्वच्छ रस्त्यांवर मी स्वतःला कायमचा चालताना पाहिले.

सावंतकाकांनी ऐकले आणि पेपर खाली ठेवला. “अरे मेल्या, विचार कसला करतोस? हो म्हणून टाक.”

“ताई वाट बघताहेत, काका. अभ्यासिकेची खोली...”

“खोली! पैसे पाठव, कोणीतरी ठेव शिकवायला. मी नाही पाठवले गावाला? देऊळ बांधलं आमच्या पैशानं.” मग पेपर पुन्हा उचलत म्हणाले, “आत कधी बसलो नाही त्या देवळात, ही गोष्ट वेगळी.”

त्याच आठवड्यात नूरने सुट्टी काढली. मकचिकना एकदा बेटावर जायचे होते. आम्ही तिघे मरिना साउथ पिअरवरून फेरीत बसलो. धक्क्यावरून फळीवर पाय टाकायची वेळ आली तेव्हा मी मिस टॅन यांच्या शिकवणीप्रमाणे हात नुसता पुढे केला. मकचिकनी तो पाहिला, हसल्या, आणि काठी माझ्या हातात देऊन स्वतःच फळी चढल्या. बोट हलली तशी माझ्या पोटात ढवळू लागले. नूर पिशवी माझ्यापुढे धरत म्हणाली, “रिव्हर बॉय, तुझी नदी हलत नाही का?” सावंतकाकांना हे कधीच सांगितले नाही.

सेंट जॉन्स बेटावर उतरलो आणि बांधावरून चालत लाझरस बेटावर गेलो. मकचिकचा जन्म तिथला. किनारा सुंदर, वाळू पांढरी, सहलीला आलेली पोरे पाण्यात. वस्तीची खूण नाही. मकचिक झाडांमधून बराच वेळ फिरल्या. एका जागी उभ्या राहून समुद्राकडे पाहिले, दोन पावले डावीकडे सरकल्या, पुन्हा पाहिले.

“इथं चूल,” त्या म्हणाल्या. नूर भाषांतर करत राहिली. “खल इथं. मी मिरची कुटायला लागले की शेजारच्या दोन घरांना कळायचं, रोकियाचं जेवण होत आलं. मीठ मागायचं निमित्त करून यायच्या.”

मग त्यांनी पहिल्यांदाच मला विचारले, “तुझं गाव?”

“पाण्याखाली आहे. असं जाऊन उभं राहता येत नाही.” मी त्यांना खांबांची गोष्ट सांगितली. तोच खांब, तोच कोपरा.

“आणि शेजारी?”

“तेच. उजवीकडचे उजवीकडे, डावीकडचे डावीकडे.”

मकचिक वाळूत काठी टेकून बसल्या. “फ्लॅट वाईट नाही,” त्या म्हणाल्या. “नळ उघडला की पाणी. बेटावर पाणी वाहून माझ्या आईची मान वाकली होती. पण आम्हाला विखरून टाकलं. एक शेजारीण बेडोकला, एक आणखी कुठं. भेटायचं तर आधी फोन. तुझी सगळी माणसं एका जागी आहेत, तुझ्या भाषेत बोलतात, आणि तू इथं माझ्या मासळीची डोकी मोडतोस?”

“आजी!” नूर रागावली. “त्याला इथं जॉब मिळतोय. तुझ्यासारख्यांसाठीच आहे तो.”

“जॉब चांगला आहे. तो आला तर मला आवडेल. बाकीचे भराभर बोलतात, हा गप्प बसतो.” मकचिकनी माझ्याकडे पाहिले. “पण गप्प बसायला याला कोणी शिकवलं, त्या बाईकडे कोण जातं?”

ताईंबद्दल मी त्यांना आमचुरापलीकडे कधी काही सांगितले नव्हते.

परतीच्या फेरीत मला पुन्हा मळमळले नाही, की मळमळले ते कळले नाही. क्वीन्सटाउनला आल्यावर मकचिकनी दारातच छातीवर हात ठेवला. मीही ठेवला. दुसऱ्या दिवशी मिस टॅन यांना उत्तर देऊन आलो आणि खोलीवर ताईंना पत्र लिहायला बसलो.

हे सगळे आता लिहितो आहे ते वसाहतीत. शेजारच्या घरात मिरची कुटण्याचा आवाज येतो आहे, आणि त्या खलाखाली टॉवेल नाही. नूर कधी कधी फोनवर आजीचा आवाज पाठवते. खालची माणसे बदलली म्हणे, तरी टॉवेल आहेच. सवय झाली. मकचिकच्या फळीवरच्या बरणीसाठी मी दर उन्हाळ्यात, कोणी जाणारे भेटले की, आमचूर पाठवतो. आणि त्या स्वयंपाकघराची आठवण आली की मिस टॅन यांना दिलेला नकार अजूनही थोडा दुखतो. ताईंनी माझे पत्र जपून ठेवले होते. त्यांच्याकडून मागून आणले, ते इथे उतरवतो.

“ती. सुशीलाताईंना सा. न.

तुम्ही कळव म्हणाला होतात, म्हणून कळवतो. इथे मला चांगली नोकरी मिळत होती. मी नाही म्हटले. तुमच्यासाठी म्हटले असे समजू नका, तुम्ही रागवाल. इथल्या एका आजींनी मला विचारले, की तुझी माणसे एका जागी असताना तू इथे काय करतोस. म्हणून परत येतो.

खोली गोदामाला देऊ नका. किल्ली तुमच्याकडेच ठेवा, मी येऊन घेईन. संध्याकाळी मी बसेन. तुम्हाला यावेसे वाटले तर तळोद्याहून मोटारसायकलवर आणीन. उतरताना हात धरणार नाही, नुसता पुढे करीन. धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा. हे इथे शिकलो, पण तुम्ही आम्हाला असेच वाढवलेत.

तुमचे आमचूर संपले. मासळीत घातले, चालते. यंदाच्या कैऱ्या कापायला मी असेन, एक सुरी माझ्यासाठी ठेवा.

एक राहिले. त्या आजींच्या पाया पडायला गेलो तर त्यांनी पडू दिले नाही. त्यांच्यात तशी रीत नाही. तेव्हापासून तो नमस्कार माझ्याकडे तसाच आहे. नंदुरबारला उतरलो की आधी तुमच्या घरी येतो. तुम्ही मागे सरकू नका.”