झडती फक्त आमचीच

सरांनी माझं दप्तर उचललं आणि सगळ्या वर्गासमोर उलटं केलं. वह्या पडल्या. भाकरीचं फडकं पडलं. कागदात गुंडाळलेलं पॅड पडलं. मागच्या बाकावरून शिट्टी आली. सरांनी ते बुटाच्या टोकानं बाजूला सारलं.

"कोयता न्हाई ना आनला? तुमच्या घरात दुसरं असतं तरी काय!"

मी दहावीत होते. गाव पाथर्डीकडचं. दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला कारखान्यावर जायचे आणि मी चुलतीकडं राहून शाळा करायचे. शेजारच्या गावात पोरांची कोयत्यानं मारामारी झाली होती, म्हणून हेडमास्तरांनी दप्तरं तपासायला सांगितली. सर वर्गात आले आणि म्हणाले, "ऊसतोडीवाल्यांची पोरं उभी ऱ्हावा." आम्ही उभे राहिलो. बाकीचे बसून राहिले. प्रथमेशही बसून राहिला.

प्रथमेश म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा. शिक्षक त्याला दादा म्हणायचे. आधीच्या शाळेत एकाचं डोकं फोडलं म्हणून इकडं आणलेला. शाळेमागं कुत्री व्याली होती. त्यानं त्यातलं एक पिल्लू गोणीत घालून लाथांनी तुडवलं आणि व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. पीटीच्या सरांनीही बघितला. "दादा लई डेंजर हाय," म्हणाले आणि हसले. मोबाईलच्या स्टेटसला तो कोयता घेऊन उभा असायचा. एकदा गेटवर त्याच्या बापानं त्याला सगळ्यांदेखत पट्ट्यानं मारलं. त्यानंतर तो दिवसभर हसत होता. 

कबड्डीच्या संघात त्याच्याऐवजी संदीपला घेतलं. संदीप आमच्याच वस्तीवरचा, त्याचेही आईबाप ऊसतोडीला. तेव्हापासून प्रथमेश त्याला येताजाता म्हणायचा, "तुजा हात ठेवत न्हाई." चोरून नाही. सगळ्या वर्गासमोर.

म्हणून खाली बसून वह्या गोळा करताना मी म्हणाले, "सर, प्रथमेशचं पण दप्तर बघा ना. तो संदीपला धमक्या देतो."

सरांनी पाठीत धपाटा घातला. "लई शानी झाली काय? आपली पायरी बघून बोलावं."

पुढच्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत, संदीप नळावर पाणी पीत होता. प्रथमेशनं दप्तरातून कोयता काढला. संदीपनं हात आडवा घातला. मी चार हात अंतरावर उभी होते. बोटं लोंबलेली मी बघितली. हेडमास्तर धावत आले आणि पहिलं वाक्य काय बोलले? "मोबाईल आत ठेवा. कुनी शूटिंग करायचं न्हाई." संदीपला जीपमधून नेल्यावर शिपायाकडून त्यांनी रक्तावर मैदान आखायची फक्की टाकून घेतली. पांढरी. स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. अध्यक्ष बसले होते. अंगाला अत्तराचा वास, समोर चहा, काजूची बिस्किटं. "बस, बाळा," म्हणाले. त्या ऑफिसात मला खुर्ची पहिल्यांदाच मिळाली.

हेडमास्तर म्हणाले, "पोलिस विचारतील. सांगायचं, सगळं अचानक झालं. आन् कोयता संदीपच्याच दप्तरात हुता. तुमच्या लोकांकडं असतोच की. कुनाला खोटं वाटनार न्हाई."

आमचे सर भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते पंख्याकडं बघत राहिले. मला एकदम किळस आली. त्या अत्तराची, त्या बिस्किटांची, त्या 'बाळा'ची. आमचा बाप कोयता चालवतो म्हणून यांच्या चहात साखर पडते. आणि यांच्या पोरानं तो माणसावर चालवला की कोयता पुन्हा आमचा.

मी उठले. "कोयता प्रथमेशचा हुता. मी सरांना आधीच सांगितलं हुतं. सगळ्या वर्गानं ऐकलंय."

अध्यक्षांनी बशीत चहा ओतला. "हिचा बाप कुनाच्या टोळीत हाय, बघा रं."

बाहेर येऊन मी भिंतीकडेला ओकले. तोंड धुतलं. व्हरांड्यात महिला पोलीस बसल्या होत्या, त्यांना म्हणाले, मला बोलायचंय. त्यांनी चुलतीला बोलावून घेतलं. तिच्यासमोर मी सगळं सांगितलं. पिल्लू, स्टेटस, धमक्या, धपाटा. चुलती पदर तोंडात धरून रडत होती. मी रडले नाही.

मुकादमानं बापाला हंगामाच्या मध्येच टोळीतून काढलं. बापाचा फोन आला. "कशाला पडायचं ह्यात, बाई?" आईनं त्याच्या हातून फोन घेतला. "खरं हाय ना तुजं?" "व्हय." "मंग मागं सरू नको."

संदीप आता डाव्या हातानं लिहितो. सर त्याच वर्गावर शिकवतात. मध्यंतरी शाळेत सुरक्षेवर कार्यक्रम झाला. अध्यक्ष माईकवर म्हणाले, अशी मुलं आधी ओळखू येत नाहीत. टाळ्या पडल्या.

ओळखू येत होता की. तो स्वतःच्या तोंडानं सांगत होता. गोणीतलं पिल्लू ओरडत होतं तेव्हाही ऐकू येत होतं. यांनी ऐकलं आणि हसले. पोरगं बड्याचं होतं.

पुढच्या महिन्यात नगरला माझी साक्ष आहे. मुकादम घरी येऊन गेला, पोरीला समजवा म्हणाला. मी जाणार. प्रथमेशनं काय केलं ते सांगणार. मग सरांचं नाव घेणार, पीटीच्या सरांचं घेणार, हेडमास्तरांचं घेणार, अध्यक्षांचं घेणार. पुरं नाव, आडनावासकट. एकट्या पोराचं नाव सांगून मी तिथून हलणार नाही.